कंपनीज हाऊसची नोंदवही: क्लबाचा हिशेब स्वतः वाचू पाहणाऱ्या चाहत्यासाठी

डर्बी काउंटी या इंग्लंडमधील फुटबॉल क्लबाच्या ३० जून २०१८ रोजी संपलेल्या आर्थिक वर्षाच्या हिशेबात १ कोटी ४६ लाख पौंडांचा करपूर्व नफा दिसतो. हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा, तोट्याची सवय जडलेल्या चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत एका क्लबाने तरी घर नीट सांभाळले आहे, असाच माझा समज झाला. हिशेब आणखी पुढे वाचला तेव्हा कळले, की क्लबाने आपले प्राइड पार्क हे मैदान तेव्हाचे मालक मेल मॉरिस यांच्याच दुसऱ्या एका कंपनीला ८ कोटी ११ लाख पौंडांना विकले होते आणि त्या एका व्यवहारातून सुमारे ४ कोटी पौंडांचा नफा पुस्तकात आला होता. तो बाजूला काढला, की नफ्याच्या जागी अडीच कोटींचा तोटा उरतो. ज्या वर्षाचा हा हिशेब, त्यानंतर तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर २०२१ रोजी, हा क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. म्हणजे देणी फेडता न आल्याने त्याचा कारभार कायद्याने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेला. क्लबांची अशी कागदपत्रे जिथे कोणालाही, कोठूनही, एक पैसाही न मोजता वाचता येतात, त्या कंपनीज हाऊसच्या ऑनलाइन नोंदवहीचे हे परीक्षण आहे. ते कंपनी सचिवाच्या किंवा वकिलाच्या नजरेने केलेले नाही. आपल्या क्लबाच्या मालकाने घेतलेला निर्णय बरोबर की चूक यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या आणि त्या वादाला आधार शोधणाऱ्या चाहत्याच्या नजरेने ते केले आहे.

कंपनीज हाऊस हे ब्रिटनमधील सर्व कंपन्यांची नोंद ठेवणारे सरकारी कार्यालय आहे. इंग्लंडमधील व्यावसायिक क्लब जवळजवळ सगळेच मर्यादित कंपन्या असल्यामुळे त्यांची नोंदही तिथेच असते. जून २०१५ पासून या नोंदवहीतील सगळी डिजिटल माहिती विनामूल्य झाली. त्यापूर्वी एकेका दस्तऐवजासाठी शुल्क भरावे लागे, आणि केवळ कुतूहल असलेला माणूस तेवढ्यानेच मागे फिरे. आता खाते उघडण्याचीही गरज नाही. कंपनीचे नाव किंवा क्रमांक टाकला, की तिचे संचालक, तिच्यावर नियंत्रण असणाऱ्या व्यक्ती, दाखल केलेले हिशेब, मालमत्तेवर चढवलेले बोजे आणि दिवाळखोरीची काही कारवाई असेल तर तिचे कागद, सारे एकाखाली एक उघडते. मांडणी साधी आहे, शोभेचे काही नाही आणि जाहिरातही नाही. हिशेबाची किंवा वार्षिक विवरणाची मुदत उलटून गेली असेल, तर ते कंपनीच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेले असते. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, कारण क्लबाच्या प्रवक्त्याने कितीही धीराची भाषा केली तरी ती ओळ त्याच्या शब्दांप्रमाणे बदलत नाही.

नव्या वाचकाने सुरुवात कोठून करावी? बहुतेक जण नफा-तोट्याच्या ओळीपासून करतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे मीही तीच चूक केली होती. क्लबाच्या हिशेबात ही ओळ सर्वांत कमी बोलते. तिच्याऐवजी आधी लेखापरीक्षकांचा अहवाल उघडावा आणि कंपनी पुढील १२ महिने चालू राहू शकेल का, याविषयी त्यांनी काय म्हटले आहे ते शब्दशः वाचावे. महत्त्वाची अनिश्चितता आहे, असे तिथे लिहिलेले असले तर क्लब उद्या बुडेल असा त्याचा अर्थ होत नाही. मालकाने पैसे ओतणे थांबवले तर काय होईल हे लेखापरीक्षकांना सांगता येत नाही, एवढाच तो असतो. पण इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत अनेक क्लबांची गाडी मालकाच्या खिशावरच चालते. २०१८-१९ च्या हंगामात चॅम्पियनशिपमधील क्लबांनी मिळून पगारावर केलेला खर्च त्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या १०७ टक्के होता, म्हणजे वीजबिल, प्रवास, हिरवळीची निगा आणि खेळाडूंची खरेदी हे सगळे त्याच्या वर. अशा श्रेणीत लेखापरीक्षकांचे ते एक वाक्य नफ्याच्या आकड्याहून कितीतरी अधिक सांगून जाते.

त्यानंतर टिपा वाचाव्यात. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप आणि ताळेबंदानंतरच्या घडामोडींची टीप या दोन तर कधीही चुकवू नयेत. मैदान कोणाला विकले, मालकाने दिलेले कर्ज बिनव्याजी आहे की व्याजी, ते केव्हा परत मागता येते, याची उत्तरे पहिल्या टिपेत सापडतात. हंगाम संपल्यावर कोणते खेळाडू आले-गेले आणि त्यांपोटी एकूण किती रक्कम येणे-देणे झाली, ते बहुधा दुसऱ्या टिपेत असते. खेळाडूच्या खरेदीची किंमत हिशेबात कशी वाटली जाते, हेही टिपांमध्येच समजून घ्यावे लागते. १ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू सामान्यतः दर वर्षी २० लाखांचा खर्च म्हणून दाखवला जातो. डर्बीने ही सरळ पद्धत सोडून, करार संपता संपताही खेळाडूची काही किंमत शिल्लक राहील असे धरले, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतील खर्च कमी दिसला आणि नंतरच्या वर्षांवर ओझे सरकले. या पद्धतीवर लीगने, म्हणजे स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेने, घेतलेला आक्षेप पुढे डर्बीला नऊ गुणांना पडला. अ‍ॅडमिनिस्ट्रेशनबद्दलचे १२ गुण आधीच गेले होते. एकूण २१ गुणांची ही कपात सोसून वेन रूनी यांच्या संघाने २०२१-२२ चा हंगाम ३४ गुणांवर संपवला आणि तो खालच्या श्रेणीत गेला. मैदानावर त्या खेळाडूंनी ५५ गुण मिळवले होते. हिशेबाच्या धोरणाची टीप कंटाळवाणी वाटत असेल, तर हा आकडा समोर ठेवून ती वाचावी.

तरीही हिशेब हा या नोंदवहीतील माझा सर्वांत आवडता भाग नाही. तो मान मी बोज्यांच्या पानाला देतो. कंपनीने कर्जापोटी आपली मालमत्ता तारण ठेवली, की त्या बोज्याची नोंद २१ दिवसांत करावी लागते. मुदतीत नोंद झाली नाही, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा अवसायनाच्या, म्हणजे कंपनी गुंडाळण्याच्या, वेळी ते तारण कुचकामी ठरते, म्हणून कर्ज देणारा स्वतःच ती करून घेतो. क्लबाला हिशेब दाखल करायला वर्ष संपल्यानंतर नऊ महिने मिळतात, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यातील कर्ज हिशेबात दिसायला दीड-दोन वर्षे लागू शकतात, पण बोजा तीन आठवड्यांत दिसतो. बोज्याच्या दस्तऐवजात कर्जाची रक्कम सहसा नसते. धनको कोण, तारण काय, मैदान की सरावाची जागा, तिकिटांचे उत्पन्न की लीगकडून येणारा हप्ता, हे मात्र असते. आपल्या संघाचा मोठा खेळाडू विकला गेला आणि त्याच सुमारास त्या विक्रीचे पुढचे हप्ते बँकेकडे तारण पडल्याची नोंद झाली, तर नव्या खेळाडूंसाठी पैसे का नाहीत, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळते. डर्बीच्या बाबतीत एमएसडी या धनकोचे नाव २०२० पासून तिथे होते आणि मालकाची तिजोरी आता पुरत नाही, एवढे त्यावरून उमगण्यासारखे होते.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. कर्ज फिटल्यावर बोजा उतरल्याची नोंद करण्याची सक्ती कायद्यात नाही. त्यामुळे बाकी म्हणून दिसणारा प्रत्येक बोजा खरोखर बाकी असतोच असे नाही, आणि जुन्या बँकेचा विसरलेला बोजा दाखवून मालकावर आरोप करणे अन्यायाचे होईल. बोजा असणे म्हणजे संकट असणेही नव्हे, कारण नीट चालणारे क्लबसुद्धा तारण देऊन कर्जे घेतात.

मालक पैसे घालतो की नाही, हा चाहत्यांच्या वादातील दुसरा कायमचा विषय. त्यासाठी नव्या भागवाटपाची विवरणे पाहावीत. मालकाने कर्जाचे रूपांतर भागभांडवलात केले, की महिन्याभरात त्याची नोंद करावी लागते, आणि ही रक्कम परत मागता येत नसल्यामुळे ती कर्जापेक्षा क्लबाच्या हिताची असते. मात्र क्लबाच्या नावाची कंपनी पाहून थांबू नये, तिच्या वरची कंपनी आणि त्याही वरची, अशी साखळी शेवटपर्यंत चढावी. चेल्सी क्लबाचे माजी मालक रोमन अब्रामोविच यांनी त्यात घातलेला पैसा क्लबाच्या कंपनीत शोधणाऱ्याला पुरता सापडला नसता, कारण सुमारे दीड अब्ज पौंडांचे ते कर्ज वरच्या फोर्डस्टॅम या कंपनीच्या ताळेबंदात होते. ही साखळी चढणे या नोंदवहीत सोपे आहे. नियंत्रण असणाऱ्यांच्या पानावर वरच्या कंपनीचे नाव मिळते, ते पुन्हा शोधायचे. साखळी परदेशात गेली, की बहुतेक वेळा वाट तिथेच खुंटते.

क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, की नोंदवहीत दिवाळखोरीचे नवे पान उघडते आणि माझ्या अनुभवात सगळ्या सेवेत सर्वांत जास्त शिकवणारे वाचन तिथे मिळते. प्रशासकांना नेमणुकीपासून आठ आठवड्यांत आपले प्रस्ताव मांडावे लागतात. या दस्तऐवजात क्लब इथवर कसा आला याची हकीकत असते आणि कोणाचे किती पैसे येणे आहेत याची यादी जोडलेली असते. ती यादी प्रत्येक चाहत्याने एकदा तरी सावकाश वाचावी असे मला मनापासून वाटते. दुसऱ्या क्लबांची कोटींची येणी, कर खात्याचे येणे, आणि त्यांच्याच खाली छपाई करणारा, फुले पुरवणारा, गाड्या भाड्याने देणारा अशी छोटी छोटी नावे, समोर काहीशे पौंडांचे आकडे. फेब्रुवारी २०१० मध्ये पोर्ट्समथ हा अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये जाणारा पहिला प्रीमियर लीग क्लब ठरला. त्याच्या धनकोंमध्ये सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार पुरवणारी धर्मादाय संस्थाही होती. विनातारण धनकोंना तेव्हा पौंडामागे २० पेन्स देण्याचा प्रस्ताव होता. ज्या संघाने दोनच वर्षांपूर्वी एफए कप उंचावला होता, त्याच्याकडून प्रथमोपचारवाल्यांचेही पैसे यायचे राहिले होते, ही गोष्ट यादीतील एका ओळीत वाचताना जेवढी लागते तेवढी ती कोणत्याही भाषणात लागत नाही.

याच यादीमुळे 'फुटबॉल धनको' नियमावरचा वाद नीट समजतो. देशाचा कायदा धनकोंची जी क्रमवारी लावतो तिच्यात दुसरे क्लब आणि खेळाडू यांना खास स्थान नाही. पण लीगमधील सदस्यत्वाचा भाग नव्या मालकाच्या नावे करायचा असेल, तर फुटबॉलच्या धनकोंचे पूर्ण पैसे चुकवावे लागतात, हा लीगचा स्वतःचा नियम आहे, आणि सदस्यत्वाशिवाय क्लब विकत घेण्यात कोणालाच रस नसतो. कर खात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले होते आणि ते २०१२ मध्ये फेटाळले गेले. १ डिसेंबर २०२० पासून मूल्यवर्धित कर आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर यांना विनातारण धनकोंच्या आधीचे स्थान पुन्हा मिळाले, त्यामुळे कर खाते सावरले, पण यादीच्या तळाशी असलेल्या छोट्या नावांचा वाटा आणखी आकसला. या नियमामुळे एका क्लबाबरोबर दुसरा बुडत नाही, हे समर्थकांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही लाखोंची कमाई असलेल्या खेळाडूला पूर्ण रक्कम आणि छपाईवाल्याला पावलीएवढी, हे त्या यादीसमोर बसून पटवून देणे मला जमत नाही. इंग्लिश फुटबॉल लीगच्या धोरणानुसार विनातारण धनकोंना पौंडामागे किमान २५ पेन्स, किंवा तीन वर्षांत मिळून ३५ पेन्स, द्यावे लागतात, नाहीतर आणखी १५ गुणांची कपात संभवते. म्हणजे लीगनेही त्यांची थोडी दखल घेतली आहे, पण थोडीच.

गुणकपातीवरच्या चर्चेतही ही कागदपत्रे हाताशी असावीत. २००२ मध्ये लेस्टर सिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, कर्जातून मोकळा झाला आणि त्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये चढला. इतर क्लबांच्या संतापातून २००४ मध्ये दहा गुणांची कपात आली आणि ती पुढे १२ गुणांची झाली. २००७ मध्ये लीड्स युनायटेडने हंगामाच्या अगदी शेवटी, घसरण जवळजवळ निश्चित झाल्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन पत्करले आणि तेव्हाची कपात निरर्थक ठरली. आता मार्चच्या चौथ्या गुरुवारनंतर अशी वेळ आली आणि संघ तसाही घसरणारच असला, तर गुण पुढच्या हंगामात जातात. हे नियम समजण्याजोगे आहेत, पण विगन या क्लबाचे २०२० मधील कागद वाचल्यावर माझे मन डळमळते. मालकी बदलून जेमतेम महिना झाला असताना १ जुलै रोजी क्लब प्रशासकांच्या हाती गेला, संघाने त्याच महिन्यात हल सिटीला ८-० ने हरवले, एकूण ५९ गुण कमावले आणि ४७ गुणांवर तो खाली गेला. खेळाडू, प्रशिक्षक आणि तिकीट काढून येणारे लोक यांपैकी कोणीही तो निर्णय घेतलेला नव्हता.

विगनच्याच उदाहरणात या सेवेची मर्यादाही दिसते. अशा संकटाची चाहूल जुन्या हिशेबांतून लागणे शक्यच नव्हते. नोंदवही होऊन गेलेल्या काळाची असते. कंपनी बंद करण्यासाठी केलेला अर्ज या नोंदवहीत लगेच दिसत नाही, तो 'गॅझेट' या सरकारी राजपत्रात जाहीर होतो, आणि प्रशासक नेमण्याच्या इराद्याची सूचना तर न्यायालयात दाखल होते. म्हणून फक्त कंपनीज हाऊसवर विसंबणारा चाहता सर्वांत महत्त्वाच्या आठवड्यात अंधारात राहतो. गॅझेटही जोडीने पाहत राहावे.

दुसरी मर्यादा मुदतीच्या शिस्तीची आहे. खासगी कंपनीने हिशेब उशिरा दिला तर दंड १५० पौंडांपासून सुरू होतो आणि सहा महिन्यांहून अधिक उशीर झाला तरी तो १,५०० पौंडच असतो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी उशीर केला तर दुप्पट होतो. संचालकांवर फौजदारी कारवाईची तरतूद आहे हे खरे, पण लाखोंचा पगार वाटणाऱ्या क्लबाला एवढ्या दंडाची झळ काय बसणार? तिसरी गोष्ट विश्वासार्हतेची. दाखल होणारी माहिती पडताळण्याचे अधिकार या कार्यालयाला दीर्घकाळ फारसे नव्हतेच. २०२३ च्या कायद्यानंतर, मार्च २०२४ पासून, शंकास्पद माहितीबद्दल विचारणा करण्याचे आणि ती नाकारण्याचे अधिकार आले आहेत आणि संचालकांची ओळख पडताळणेही सुरू झाले आहे. कागदावर दाखल झालेले हिशेब छायाचित्रासारखे साठवलेले असल्यामुळे त्यांत शब्द शोधता येत नाही, डोळ्यांनीच पाने चाळावी लागतात. छोट्या क्लबांना संक्षिप्त हिशेब देण्याची सवलत असल्याने खालच्या श्रेणींत नफा-तोट्याचे पत्रकही अनेकदा मिळत नाही, आणि तिथल्या चाहत्यांनाच त्याची सर्वांत जास्त गरज असते. १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगमधून बाहेर काढला गेला. वेळेवर आणि पुरेसे कागद बाहेर येण्याचे मोल तिथल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको.

एका बाबतीत मात्र या नोंदवहीकडून नको ती अपेक्षा केली जाते. ग्लासगोचा रेंजर्स २०१२ मध्ये बुडाला तेव्हा जुनी कंपनी, क्रमांक एससी००४२७६, आपले नाव बदलून आरएफसी २०१२ झाली, आणि क्लबाची मालमत्ता घेणाऱ्या नव्या कंपनीने, क्रमांक एससी४२५१५९, रेंजर्स हे नाव घेतले. क्लब तोच की नवा, हा वाद तेव्हापासून थांबलेला नाही आणि दोन्ही बाजूंचे लोक हेच दोन क्रमांक एकमेकांना दाखवतात. नोंदवही कंपनीची नोंद ठेवते. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही, आणि क्रमांक निराळा म्हणजे कंपनी निराळी, एवढेच ती खात्रीने सांगू शकते. क्लब म्हणजे काय, हा प्रश्न तिच्या कक्षेत येतच नाही.

२१ जुलै २०२५ रोजी फुटबॉलच्या कारभाराचा कायदा मंजूर होऊन इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक आला आहे आणि क्लबांना परवान्यासाठी आपल्या आर्थिक योजना त्याच्यापुढे मांडाव्या लागणार आहेत. त्यामुळे या जुन्या नोंदवहीचे महत्त्व कमी होईल असे मला वाटत नाही. नियामकाला क्लबाची चालू स्थिती दिसेल, पण ती चाहत्याला दिसेलच असे नाही. चाहत्याच्या हक्काची खिडकी तूर्तास हीच आहे.

पाचपैकी चार तारे मी देईन. उरलेला एक उशिराच्या क्षुल्लक दंडासाठी आणि छोट्या कंपन्यांच्या सवलतींसाठी राखून ठेवतो, जरी हे दोन्ही दोष कार्यालयापेक्षा कायद्याचे आहेत. वापरायला सुरुवात करणाऱ्याने आपल्या क्लबाची कंपनी, तिच्या वरची कंपनी आणि मैदान जिच्या नावावर आहे ती कंपनी, या तिन्हींसाठी विनामूल्य ईमेल सूचना लावून घ्याव्यात. खाते लागते ते एवढ्याच कामासाठी. मी सहा क्लबांसाठी अशा सूचना लावल्या आहेत. बहुतेक वेळा येतो तो संचालकाचा पत्ता बदलल्याचा किंवा वार्षिक विवरणाचा निरुपद्रवी मेल. पण अधूनमधून एमआर०४ हा अर्ज दाखल झाल्याची सूचना येते, म्हणजे बोजा उतरल्याची, आणि ती मात्र मी हातातले काम बाजूला ठेवून उघडतो.